इले-इफे

इले-इफे (संक्षेपाने इफे) हे पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया देशाच्या ओशुन राज्यातील एक प्राचीन नगर आहे. ते इबादान शहराच्या पूर्वेस सुमारे ८० किलोमीटरवर आणि लागोसपासून रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर ईशान्येस वसले आहे. नायजेरिया, बेनिन आणि टोगो या देशांत मिळून चार कोटींहून अधिक असलेले योरुबा लोक या नगराला केवळ आपले मूलस्थान नव्हे, तर अखिल मानवजातीची जन्मभूमी मानतात. येथील राजाला ‘ऑनी’ (पहिला स्वर लांबवून उच्चार) अशी पदवी आहे. बाराव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान येथे घडलेली पितळ, तांबे व भाजलेल्या मातीची शिल्पे जगातील श्रेष्ठ कलाकृतींत गणली जातात. ओबाफेमी आवोलोवो विद्यापीठ हे नायजेरियातील एक अग्रगण्य विद्यापीठ याच शहरात आहे.

इफे हे कधीही मोठ्या साम्राज्याची लष्करी राजधानी नव्हते. सैन्यबळाने ओयो आणि बेनिन ही राज्ये इफेपेक्षा कितीतरी प्रबळ झाली. तरीही त्या राज्यांचे राजे आपला वंश इफेपासून सांगत आणि मुकुट धारण करण्याचा आपला अधिकार तेथूनच आला असे मानत. इफेची सत्ता अशी उगमाची सत्ता होती. या नगराचा इतिहास वाचताना हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो, कारण येथील बहुतेक वाद, अगदी अलीकडचे रक्तरंजित वादसुद्धा, मूळचा कोण आणि मागाहून आलेला कोण या प्रश्नाभोवती फिरतात.

नाव

योरुबा भाषेत ‘इले’ म्हणजे घर. ‘इफे’ या शब्दाचा संबंध ‘पसरणे, विस्तारणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. त्यानुसार ‘जेथून विस्तार झाला ते घर’ असा या नावाचा अर्थ सांगतात. या व्युत्पत्तीला पुढे दिलेल्या सृष्टिकथेचा आधार आहे. योरुबा ही सुरावटीची भाषा असल्याने एकाच अक्षरसमूहाचा अर्थ स्वराच्या चढउतारानुसार बदलतो. देवनागरीत हे चढउतार दाखविता येत नाहीत. ‘इफे’ हे नगराचे नाव आणि ‘इफा’ हे शकुनविद्येचे नाव, ही दोन्ही वेगळी आहेत. वाचकांनी त्यांची गल्लत करू नये.

भौगोलिक स्थिती

नगर समुद्रसपाटीपासून सुमारे २७५ ते ३०० मीटर उंचीवर, टेकड्यांनी वेढलेल्या सखल भागात आहे. मूळचा प्रदेश उष्ण कटिबंधीय सदाहरित अरण्याचा. आज त्या अरण्याची जागा बव्हंशी कोकोच्या बागांनी व शेतीने घेतली आहे. पावसाळा साधारणपणे मार्च ते ऑक्टोबर असा असतो. डिसेंबर-जानेवारीत सहारा वाळवंटाकडून ‘हार्माटान’ नावाचे कोरडे, धुळीचे वारे वाहतात.

सृष्टिकथा व आख्यायिका

योरुबा परंपरेनुसार आरंभी खाली केवळ जल होते आणि वर आकाश. परमेश्वर ओलोदुमारे याने ओबाताला या देवाला भूमी निर्माण करण्यासाठी पाठविले. त्याच्यासोबत साखळी, गोगलगाईच्या शिंपल्यात भरलेली माती आणि पाच नखांची कोंबडी दिली. वाटेत ओबाताला ताडी पिऊन झोपी गेला. ती संधी साधून ओदुदुवा याने ते साहित्य घेतले, साखळीवरून तो खाली उतरला, जलावर माती टाकली आणि तिच्यावर कोंबडी सोडली. कोंबडीने माती उकरून चहूकडे पसरविली. जेथे ती प्रथम पसरली ते ठिकाण म्हणजे इफे. ओबातालाकडे पुढे मानवाची शरीरे मातीतून घडविण्याचे काम आले. आजही त्याचे उपासक ताडी वर्ज्य मानतात.

ही कथा केवळ सृष्टीच्या उत्पत्तीची नाही. ओबाताला आणि ओदुदुवा यांच्या अनुयायांत झालेल्या दीर्घ संघर्षाच्या स्मृती इफेच्या उत्सवांतून आजही जागविल्या जातात. ओबाताला हा तेथील आधीच्या रहिवाशांचा आणि ओदुदुवा हा नव्या राजवंशाचा प्रतिनिधी होय, असे अनेक इतिहासकार मानतात. तसे असेल, तर नगराच्या मूळ कथेतच आधीचे आणि नंतरचे यांचा तंटा गुंफलेला आहे.

ओदुदुवा हा पहिला राजा. त्याच्या पुत्रपौत्रांनी इफेबाहेर पडून ओयो, केतू, बेनिन इत्यादी राज्ये स्थापिली, अशी परंपरा आहे. किती वंशज बाहेर पडले, याची संख्या मात्र सांगणाऱ्यानुसार बदलते. प्रत्येकाला मण्यांच्या झालरीने चेहरा झाकणारा मुकुट मिळाला. असा मुकुट घालण्याचा अधिकार असलेला राजाच खरा ‘ओबा’ होय, हा संकेत योरुबा प्रदेशात आजही पाळला जातो.

या वंशजांपैकी सर्वांत विख्यात ओरानमियान. बेनिन आणि ओयो या दोन्ही राजवंशांचा संबंध त्याच्याशी जोडला जातो. इफेमध्ये ‘ओपा ओरानमियान’ (ओरानमियानचा दंड) नावाचा सुमारे साडेपाच मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा स्तंभ उभा आहे. त्यात लोखंडी खिळे ओळीने ठोकलेले असून त्यांच्या मांडणीचा उलगडा झालेला नाही.

बेनिनच्या राजघराण्याने मात्र या कथेचा उलट पाठ मांडला आहे. बेनिनमधून निर्वासित झालेला एकालादेरहान नावाचा राजपुत्रच इफेला जाऊन ओदुदुवा म्हणून प्रसिद्ध झाला, असे बेनिनचे ओबा एरेदियाउवा यांनी २००४ मध्ये लिहिले, तेव्हा नायजेरियन वृत्तपत्रांत मोठा वाद उसळला. ओयोकडूनही असाच प्रतिवाद झालेला आहे. रेव्हरंड सॅम्युएल जॉन्सन यांच्या १९२१ मध्ये प्रकाशित झालेल्या योरुबांच्या इतिहासात ऑनींचा वंश राजघराण्यापासून नव्हे, तर बळी देण्यासाठी राखून ठेवलेल्या एका स्त्रीच्या मुलापासून सांगितला आहे. जॉन्सन ओयो वंशाचे होते, हे हा मजकूर वाचताना विसरता येत नाही. अशा कथांची सत्यता तपासणे जवळजवळ अशक्य आहे. पण त्या कोणी, केव्हा आणि कशासाठी सांगितल्या, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाला फार उद्‌बोधक ठरते.

मोरेमीची कथा इफेत घरोघरी सांगितली जाते. शेजारच्या अरण्यातील लोक अंगभर ताडपात्यांचे तंतू बांधून भुतांसारखे नगरावर चालून येत व लुटालूट करीत. लोक त्यांना देव समजून प्रतिकार करीत नसत. मोरेमी या राजकुलीन स्त्रीने एसिनमिरिन नदीला नवस केला आणि स्वतःला शत्रूच्या हाती पकडवून घेतले. ती त्यांच्या राजाची पत्नी झाली, त्यांचे गुपित जाणून घेतले आणि पळून परत आली. पुढच्या स्वारीत इफेकरांनी पेटत्या मशालींनी तंतूंचे वेष जाळून टाकले. मात्र नदीने नवस फेडण्यासाठी मोरेमीचा एकुलता एक पुत्र ओलुओरोग्बो मागितला आणि तिला तो द्यावा लागला. तेव्हा इफेच्या लोकांनी ‘आम्ही सारे तुझी लेकरे’ असे तिला वचन दिले, असे सांगतात. एदी या वार्षिक उत्सवात या घटनेचे स्मरण होते. २०१६ मध्ये राजवाड्याच्या परिसरात मोरेमीचा ४२ फूट उंचीचा पुतळा उभारण्यात आला.

प्राचीन इतिहास

इफेच्या परिसरात ख्रिस्तोत्तर पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात वस्ती होती, असे उत्खननांवरून दिसते. ‘ओरुन ओबा आदो’ या ठिकाणी, जेथे परंपरेनुसार बेनिनच्या राजांचे अवशेष आणून पुरले जात, खणलेल्या खड्ड्यांतील कोळशाची कालमापने सहाव्या ते दहाव्या शतकांतील आली आहेत. अकराव्या शतकापासून मात्र खऱ्या अर्थाने नगर उदयास आले. त्याभोवती मातीचे तट होते. अंगणे आणि वाटा खापरांच्या फरसबंदीने मढविलेल्या होत्या.

ही फरसबंदी इफेचे एक वैशिष्ट्य आहे. फुटक्या मडक्यांचे तुकडे आडवे न ठेवता कडेवर उभे रोवून, मधूनमधून पांढऱ्या गारगोट्या बसवून, माशाच्या काट्यासारखी नक्षी साधलेली असे. लुवो नावाच्या राणीने ती करविली, अशी परंपरा आहे. ऑनींच्या गादीवर बसलेली ती एकमेव स्त्री मानली जाते. आजही घराचा पाया खणताना किंवा पावसाने रस्ता धुऊन गेल्यावर ही फरसबंदी उघडी पडते.

इफेच्या संपत्तीचा एक मोठा आधार काच होता, ही गोष्ट अलीकडेच निःसंशय सिद्ध झाली. नगराच्या उत्तर भागात इग्बो ओलोकुन (समुद्रदेवता ओलोकुनची राई) नावाचे स्थान आहे. तेथे काचमणी आणि आतून काचेचा लेप बसलेल्या मातीच्या मुशी पिढ्यान्‌पिढ्या सापडत. ही काच भूमध्य सागराकडून किंवा इस्लामी जगातून आली असावी आणि येथे ती केवळ वितळवून वापरली जात असावी, असे विद्वान दीर्घकाळ समजत. नायजेरियन पुरातत्त्वज्ञ आबिदेमी बाबातुंडे बाबालोला यांच्या उत्खननात १२,००० हून अधिक मणी आणि मुशींचे शेकडो तुकडे मिळाले. त्यांच्या पृथक्करणात चुना व अ‍ॅल्युमिना या दोहोंचे प्रमाण जास्त असलेली एक वेगळीच काच आढळली. अशी काच अन्यत्र बनत नव्हती. स्थानिक कच्च्या मालापासून अकराव्या ते पंधराव्या शतकांत ती इफेतच तयार होत होती. २०१७ आणि २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इफेची काच पश्चिम आफ्रिकेतील दूरदूरच्या स्थळीही मिळाली आहे. राजमुकुटाची ओळखच मण्यांवरून ठरत असलेल्या संस्कृतीत मणी बनविण्याचे तंत्र हाती असणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून यावी.

शिल्पकला आणि तिचा शोध

इफेच्या शिल्पांत मानवी मस्तके प्रमुख आहेत. ती जवळजवळ प्रत्यक्ष आकाराची असून चेहऱ्याची प्रमाणे, गालांची गोलाई आणि मिटलेल्या ओठांची रेषा इतकी सहज साधलेली आहे की पाहणाराला ती विशिष्ट व्यक्तींची चित्रणे वाटतात. चेहरे शांत, किंचित दूर पाहणारे. अनेकांवर कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक उभ्या समांतर रेघा आहेत. त्या गोंदणवजा व्रणांच्या आहेत, की मुकुटाच्या मण्यांच्या सरींची सावली दर्शवितात, याविषयी मतभेद आहेत. केसांच्या रेषेत आणि ओठांभोवती छिद्रे दिसतात. त्यांत मुकुट, झालर किंवा दाढीचे केस अडकविले जात असावेत.

ही मस्तके मेणाचा साचा वितळवून धातू ओतण्याच्या पद्धतीने, म्हणजे आपण जिला मधूच्छिष्ट पद्धती म्हणतो तिने, घडविलेली आहेत. मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर देऊन त्यावर बारकावे कोरायचे, वरून पुन्हा माती लिंपायची, तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. बहुतेक मस्तके पितळी मिश्रधातूची आहेत. काही मात्र जवळजवळ शुद्ध तांब्याची आहेत. शुद्ध तांबे साच्यात नीट वाहत नाही, त्यात बुडबुडे राहतात. त्यामुळे ते ओतणे पितळेपेक्षा पुष्कळ अवघड असते. राजा ओबालुफोन याचा म्हणून ओळखला जाणारा पूर्णाकृती मुखवटा असा तांब्याचा आहे. धातूच्या ओतकामाची कला याच राजाने रुजविली, अशी परंपरा आहे. मातीच्या शिल्पांत राजपुरुषांबरोबर रोगी, बंदिवान आणि प्राणीही दिसतात. धातूतील मस्तकांची कीर्ती अधिक असली, तरी इफेच्या कलावंताची निरीक्षणशक्ती खरी दिसते ती मातीच्या कामात.

बाहेरच्या जगाला या कलेची ओळख झाली ती एका वादातून. जर्मन संशोधक लिओ फ्रोबेनियस १९१० मध्ये इफेत आला. ओलोकुनच्या राईत पुरून ठेवले जाणारे आणि पूजेपुरते बाहेर काढले जाणारे एक मुकुटधारी धातुमस्तक त्याला दाखविण्यात आले. त्याने ते पैसे देऊन ताब्यात घेतले. लोकांची तक्रार झाल्यावर ब्रिटिश अधिकाऱ्याने चौकशी करून ते परत करावयास लावले. फ्रोबेनियसने काही मृण्मय मस्तके मात्र जर्मनीला नेली. त्याने लिहिले ते असे : इतकी परिपूर्ण शिल्पे आफ्रिकी लोकांच्या हातून होणे शक्य नाही, ही बुडालेल्या अटलांटिसच्या ग्रीक वसाहतीची खूण आहे, आणि ओलोकुन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. ज्यांच्या पूर्वजांनी ही शिल्पे घडविली त्यांच्याच अंगणात उभे राहून त्याने हा निष्कर्ष काढला. परत मिळालेले ते मस्तक १९४० च्या दशकाच्या अखेरीस तज्ज्ञांनी तपासले, तेव्हा ते वाळूच्या साच्यातील अर्वाचीन प्रतिकृती असल्याचा निर्वाळा दिला गेला.

१९३८ मध्ये अटलांटिसच्या कल्पनेचा पायाच ढासळला. राजवाड्यालगतच्या वुनमोनिजे वाड्यात घर बांधण्यासाठी पाया खणताना मजुरांना एकामागून एक धातूची मस्तके मिळाली. दोन टप्प्यांत मिळून त्यांची संख्या सतराच्या आसपास गेली. त्यांतील एक ब्रिटिश म्युझियमकडे गेले आणि आजही तेथेच आहे. दोन मस्तके त्या वेळी इफेत काम करणारे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विल्यम बॅस्कम यांनी विकत घेतली होती, ती त्यांनी १९५० मध्ये परत केली. उरलेली ऑनी अदेसोजी अदेरेमी यांनी राजवाड्यात सुरक्षित ठेवली. या घटनेमुळे प्राचीन वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध घालण्याची निकड वसाहतीच्या सरकारला पटली. १९४३ मध्ये नायजेरियात पुरातन वस्तूंसाठी स्वतंत्र सेवा सुरू झाली, १९५३ मध्ये कायदा झाला आणि १९५४ मध्ये राजवाड्याशेजारी इफेचे संग्रहालय उघडले.

१९५७ मध्ये इता येमो येथे बांधकामाच्या वेळी राजाची उभी पितळी मूर्ती आणि हातात हात व पायात पाय गुंतवलेले राजा-राणीचे युगुल मिळाले. त्यानंतर फ्रँक विलेट यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. १९७० च्या दशकाच्या आरंभी पीटर गारलेक यांनी दुसऱ्या स्थळी केलेल्या उत्खननात मृण्मय शिल्पे फरसबंदीवर, विधीच्या मूळ मांडणीच्या जवळपासच्या अवस्थेत सापडली. २००९-१० मध्ये इफेच्या शिल्पांचे मोठे प्रदर्शन स्पेन आणि लंडन येथे भरले व पुढे अमेरिकेत गेले.

एवढी कीर्ती होऊनही जुन्या स्थळांचे रक्षण नीट झालेले नाही. जुने नगर नव्या नगराच्या पोटातच असल्याने प्रत्येक नव्या इमारतीबरोबर काही ना काही नष्ट होते. नायजेरियातील संग्रहालयांतून इफेच्या शिल्पांच्या चोऱ्याही झाल्या आहेत.

एकोणिसावे शतक : युद्धे आणि मोदाकेके

पंधराव्या शतकानंतर इफेचे राजकीय व व्यापारी महत्त्व ओसरले, धार्मिक अग्रमान मात्र टिकला. उत्तरेकडील ओयो साम्राज्य १८३० च्या दशकात फुलानी आक्रमणाने व अंतर्गत फुटीने कोसळले, तेव्हा निर्वासितांचे लोंढे दक्षिणेकडे आले. त्यांतील अनेकजण इफेत आश्रयाला राहिले. आरंभी त्यांचे श्रम आणि लढण्याचे कौशल्य यजमानांना उपयोगी पडले. हळूहळू मात्र कुरबुरी वाढल्या. निर्वासितांना गुलामांसारखे वागविले जाते, अशी त्यांची तक्रार होती. १८४० च्या दशकात ऑनी आबेवेइला यांनी त्यांना नगराच्या तटाबाहेर वेगळी वस्ती दिली. तीच मोदाकेके होय.

वेगळ्या वस्तीने भांडण मिटले नाही. १८४९ मध्ये मोदाकेकेने इफेवर हल्ला केला आणि ‘जगाचे मूलस्थान’ ओस पडले. रहिवासी १८५४ मध्ये परतले. योरुबा राज्यांतील दीर्घ किरिजी युद्धाच्या काळात, १८८२ मध्ये, इफे पुन्हा उद्ध्वस्त झाले आणि १८९४ पर्यंत जवळजवळ निर्जन राहिले. १८८६ च्या तहात मोदाकेकेच्या लोकांनी अन्यत्र जावे असे कलम होते. ते अमलात यायला १९०९ उजाडले. वस्ती रिकामी करण्यात आली, पण १९२२ मध्ये लोक परत आले.

ब्रिटिश अमलात ऑनींचे पद नव्याने उजळले. १९०३ मध्ये एलेपे ही पदवी असलेल्या एका प्रमुखाला मण्यांचा मुकुट घालता येतो की नाही, असा वाद लागोसच्या गव्हर्नरापुढे आला. निवाडा करू शकणारा एकच माणूस होता. त्यामुळे ऑनी अदेलेकान ओलुबुसे पहिले यांना लागोसला बोलाविण्यात आले. ऑनींनी नगर सोडणे ही अभूतपूर्व गोष्ट होती. ते प्रवासात असेपर्यंत अनेक योरुबा राजे आदरापोटी आपापल्या गाद्या सोडून बाहेर राहिले, असे सांगतात. त्या प्रमुखाला असा अधिकार नाही, असे ऑनींनी सांगितले आणि प्रश्न मिटला.

विसाव्या शतकातील इफे

अदेसोजी अदेरेमी यांनी १९३० ते १९८० अशी पन्नास वर्षे गादी सांभाळली. ते शिकलेले, रेल्वेत नोकरी व नंतर व्यापार केलेले गृहस्थ होते. १९६० मध्ये ते नायजेरियाच्या पश्चिम विभागाचे गव्हर्नर झाले. या पदावर आलेले ते पहिले आफ्रिकी होत. त्यांच्यामागून ओकुनादे सिजुवादे (ओलुबुसे दुसरे) यांची कारकीर्द १९८० ते २०१५ अशी झाली. राजपद चार राजकुलांतून फिरते. डिसेंबर २०१५ मध्ये अदेयेये एनितान ओगुनवुसी (ओजाजा दुसरे) यांचा राज्याभिषेक झाला. ते व्यवसायाने लेखापाल होते. राज्यारोहणानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी ओयोच्या राजाची, म्हणजे आलाफिनांची, भेट घेतली. दोन गाद्यांमधील अग्रमानाचा वाद अनेक दशके धुमसत असल्याने या भेटीची सर्वत्र चर्चा झाली.

१९६१ मध्ये पश्चिम विभागाच्या सरकारने इफे विद्यापीठाची स्थापना केली. १९६२ मध्ये इबादानमधील तात्पुरत्या जागेत अध्यापन सुरू झाले आणि १९६७ मध्ये विद्यापीठ इफेला हलविण्यात आले. इस्रायली वास्तुविशारद आरिये शारोन यांनी त्याच्या इमारती आखल्या. उघडे सज्जे, उलट्या पायऱ्यांसारखे वरच्या मजल्याकडे बाहेर झुकत जाणारे मजले आणि वाऱ्यासाठी मोकळे ठेवलेले तळमजले यांमुळे यंत्राने थंड केलेल्या हवेवाचून त्या वापरता येतात. विद्यापीठाच्या बोधचिन्हात ओलोकुनचे मस्तक आहे. १९८७ मध्ये पश्चिम विभागाचे पहिले पंतप्रधान ओबाफेमी आवोलोवो यांच्या निधनानंतर त्यांचे नाव विद्यापीठाला देण्यात आले.

नाटक आणि योरुबाविद्या या क्षेत्रांत या विद्यापीठाने मोठे काम केले. ओला रोतिमी यांचे ग्रीक शोकांतिकेला योरुबा भूमीत आणणारे ‘द गॉड्स आर नॉट टू ब्लेम’ हे नाटक १९६८ मध्ये इफेत प्रथम रंगमंचावर आले. १९८६ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविणारे वोले सोयिंका येथे नाट्यविभागाचे प्राध्यापक होते. इफा विद्येचे दीक्षित पुरोहित आणि भाषापंडित वांदे आबिंबोला १९८० च्या दशकात विद्यापीठाचे कुलगुरू होते. पारंपरिक विद्येचा उपासक आणि आधुनिक विद्यापीठाचा प्रमुख एकच असावा, हे इफेतच शोभते.

भूमी, कोको आणि संघर्ष

मोदाकेकेचे शेतकरी इफेच्या घराण्यांच्या जमिनी कसत आणि त्याबद्दल ‘इशाकोले’ नावाचा खंड देत. पूर्वी तो याम कंदांच्या, पामतेलाच्या रूपात, नाममात्र असे. जमीन कोणाची याची ती कबुली होती, इतकेच. विसाव्या शतकात कोको आला आणि चित्र पालटले. कोको हे दीर्घायुषी झाड आहे. ते लावणारा तीस-चाळीस वर्षांसाठी जमिनीला बांधला जातो आणि त्याचे पीक रोख पैसे देते. साहजिकच कबुलीचा खंड उत्पन्नातील वाटा बनला. १९७८ च्या भूमी-वापर अध्यादेशाने राज्यातील जमीन गव्हर्नरच्या अखत्यारीत गेली. आता खंड कशाचा द्यायचा, असा मोदाकेकेच्या लोकांचा प्रश्न होता. जमीन आमच्या पूर्वजांची आहे, कायद्याने वंश बदलत नाही, असे इफेच्या लोकांचे उत्तर.

१९८१ आणि १९८३ मध्ये दंगली झाल्या. सर्वांत भीषण संघर्ष १९९७ ते २००० या काळातला. १९९६ च्या अखेरीस ‘इफे पूर्व’ हा नवा स्थानिक शासनविभाग निर्माण झाला. त्याचे मुख्यालय आधी मोदाकेकेत जाहीर झाले आणि मग इफेच्या बाजूस हलविण्यात आले. स्वतःचे स्थानिक शासन मिळविण्याची मोदाकेकेची जुनी मागणी होती. हा बदल ठिणगीसारखा ठरला. शेकडो माणसे मेली, हजारो घरे सोडून गेली, शाळा आणि बाजार बंद पडले. दोन्ही बाजूंची भाषा एक, देव एक, अनेक घरांत सोयरीकही झालेली. दीडशे वर्षे शेजारी राहूनही एक बाजू दुसरीला ‘पाहुणे’ म्हणते, हे या संघर्षाचे मूळ होय. २००० नंतर शांतता समित्या आणि प्रशासकीय तडजोडींमुळे मोठी चकमक टळली आहे.

मार्च २०१७ मध्ये हौसा व्यापाऱ्यांच्या साबो वस्तीत योरुबा आणि हौसा गटांत हिंसा उसळून अनेकांचा बळी गेला. ही दंगल मोदाकेकेच्या वादापेक्षा वेगळी असली, तरी तिनेही नगराच्या आतिथ्याची परीक्षा पाहिली.

नगररचना आणि लोकजीवन

एनुवा चौकातील राजवाडा (आफिन) हा नगराचा मध्य असून मुख्य रस्ते तेथून निघतात. जुन्या नगराचे इलारे, इरेमो, मोरे, ओकेरेवे आणि इलोदे असे पाच विभाग आहेत. पूर्वी एकेका कुळाचे मोठे चौसोपी घर असे. त्याच्या मध्ये अंगण असे आणि पागोळ्यांचे पाणी अंगणात साठविले जाई. आता पत्र्याच्या छपरांची सुटी घरे वाढली आहेत, पण जमीन, पदव्या व मृतांचे विधी यांबाबत कुळाचा शब्द अजून चालतो.

योरुबा नगरांचे एक वैशिष्ट्य इफेतही ठळक दिसते. शेतकरी खेड्यात नव्हे, नगरात राहतो. त्याचे घर, देवघर आणि पूर्वजांच्या समाधी नगरात असतात. शेतावर तात्पुरती वस्ती असते. तेथे तो पेरणी-कापणीच्या दिवसांत जातो आणि सणाला घरी परततो. हजारो शेतकरी राहत असूनही ते खेडे नव्हे, नगरच. कारखान्यांवाचूनही नगर असू शकते, हे बॅस्कम यांनी योरुबा नगरांच्या आधारे दाखवून दिले.

२००६ च्या जनगणनेनुसार इफे मध्य आणि इफे पूर्व या दोन विभागांची मिळून लोकसंख्या सुमारे साडेतीन लाख होती. त्यानंतर ती पुष्कळ वाढली आहे. कोको, कोलाफळ, पामतेल, याम आणि कसावा ही मुख्य पिके होत. विद्यापीठ व त्याला जोडलेले रुग्णालय हे रोजगाराचे मोठे आधार आहेत. त्यामुळे विद्यापीठातील संप लांबला की बाजारातील विक्रेतेही अडचणीत येतात. उकडलेला याम उखळात कुटून केलेला ‘इयान’ हा मऊ गोळा पालेभाजीच्या किंवा एगुसी बियांच्या रश्श्यासोबत खाणे, हे येथील आवडते जेवण आहे.

धर्म आणि उत्सव

बहुसंख्य रहिवासी आज ख्रिस्ती किंवा मुसलमान आहेत. तरीही पारंपरिक उपासना लोपलेली नाही आणि एकाच कुटुंबात तिन्ही परंपरा नांदताना दिसतात. इफेत ४०१ देवता आहेत असे म्हणतात. चारशे एक ही संख्या मोजून ठरलेली नाही. ‘मोजता येतील त्याहून एक अधिक’ असा तिचा भाव आहे. वर्षातील एखादाच दिवस उत्सवावाचून जातो, असेही सांगितले जाते.

ओलोजो हा सर्वांत मोठा उत्सव लोहदेव ओगुन याच्याशी निगडित असून तो साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. त्याआधी ऑनी काही दिवस एकांतवासात राहतात, त्या अवधीत ते प्रजेला दिसत नाहीत. मग ते ‘आरे’ नावाचा प्राचीन मुकुट धारण करून ओके मोगुन येथील स्थानाकडे मिरवणुकीने जातात. हा मुकुट वर्षातून एकदाच बाहेर येतो. तो ओदुदुवाचाच, अशी श्रद्धा आहे. एकेश्वरी धर्म मानणारे नागरिकही ही मिरवणूक पाहायला गर्दी करतात.

इफा ही शकुनविद्या इफेची जगाला मिळालेली आणखी एक देणगी. ओरुनमिला हा तिचा देव. पुरोहित (बाबालावो) सोळा पामबियांच्या किंवा ‘ओपेले’ नावाच्या साखळीच्या साहाय्याने कौल घेतो. त्यातून २५६ ‘ओदू’ आकृत्यांपैकी एक निघते आणि तिच्याशी जोडलेली पद्ये तो मुखोद्गत म्हणतो. कौल मागणारा स्वतःच्या अडचणीशी जुळणारे पद्य ओळखतो. हे अफाट पद्यभांडार शतकानुशतके गुरुमुखाने जतन झाले. २००५ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या मौखिक वारशाची अजोड कृती म्हणून घोषित केले आणि २००८ मध्ये ते प्रातिनिधिक यादीत आले. ओके इतासे या टेकडीवर इफाचे प्रमुख मंदिर असून तेथील मुख्य पुरोहिताला ‘आराबा’ म्हणतात.

गुलामांच्या व्यापारात अटलांटिकपार नेलेल्या योरुबा माणसांनी या देवता क्युबा, ब्राझील आणि त्रिनिदाद येथे नेल्या. आज त्या देशांतील उपासक इफेला तीर्थक्षेत्र मानतात. १९८१ मध्ये ओरिशा परंपरेची पहिली जागतिक परिषद येथे भरली. त्याच वर्षी अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात ओयोतुन्जी नावाचे योरुबा गाव वसविणारे ओसेइजेमान आदेफुन्मी यांना ऑनी सिजुवादे यांनी राजचिन्हे दिली. अमेरिकेत जन्मलेल्या माणसाने मुकुटासाठी इफेलाच यावे आणि त्याला तो मिळावा, आणि त्याच वर्षी दोन मैलांच्या आत राहणाऱ्या मोदाकेकेच्या लोकांशी रस्त्यावर लढाई व्हावी, या दोन्ही गोष्टी नगराच्या त्या वर्षीच्या नोंदीत शेजारी शेजारी आहेत.